फ्रान्सच्या खालच्या लीगमधे खेळलेला प्लेयर पुढे मोठा कोच झालाय असं उदाहरण आहे का?

आहे की, हर्वे रेनार. फ्रान्समधल्या कान शहराच्या क्लबमधे सुरुवात केली पण तिथे काही जम बसला नाही, मग व्हॅलोरी, द्रागिन्यां असल्या छोट्या टीम्समधे डिफेंडर म्हणून खेळत राहिला आणि खेळणं सुटल्यावर घर चालवायला साफसफाईचं काम, म्हणजे पहाटे उठून बिल्डिंगी झाडायच्या, कचऱ्याचे डबे बाहेर काढायचे आणि संध्याकाळी द्रागिन्यांला कोचिंग. नंतर क्लोद ल रुआ या फ्रेंच कोचने त्याला असिस्टंट म्हणून सोबत घेतलं. 2004 ला इंग्लंडात केंब्रिज युनायटेडला गेला, तिथे पार बोऱ्या वाजला.

खरं नाव झालं 2012 ला. झांबियाला आफ्रिका कप जिंकून दिला, तोही गॅबॉनच्या राजधानीत, लिब्रेव्हिलमधे, जिथल्या समुद्रात 1993 ला झांबियाची जवळजवळ अख्खी टीम विमान अपघातात गेली होती. फायनलमधे सुरुवातीलाच जखमी झालेल्या झांबियाच्या मुसोंडाला मॅचनंतर रेनारने स्वतः उचलून सेलिब्रेशनमधे नेलं, तो व्हिडिओ बघाच.

2015 ला आयव्हरी कोस्टसोबत परत तोच कप. दोन वेगळ्या देशांना तो जिंकून देणारा पहिलाच कोच. आणि 2022 वर्ल्डकपला मेस्सीच्या अर्जेंटिनाला 2-1 ने हरवणाऱ्या सौदीचा कोच, तो पांढऱ्या शर्टवाला, हाच.