एकच झाड, तेही दिव्याखाली: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही कॅनडात, ओंटारिओ प्रांतात मिसिसॉगाला कॉन्डोत राहतो, बाल्कनी उत्तरेकडे, ऊन जवळजवळ नाहीच. मला घरात कॅनाबिसचं, म्हणजे गांजाचं, एकच झाड लावायचंय. एलईडी लाइट, घरातच झाड ठेवायचा छोटा बंद टेंट वगैरे ऑनलाइन बघितलं पण दहा जण दहा गोष्टी सांगतात. माझा भाऊ सांगोल्याला ड्रॅगन फ्रूटच्या बागेत रात्री बल्ब लावतो आणि सीझन नसताना फुलं काढतो, इथेही तसंच असतं का? आणि कायद्याचं काय?

उत्तर: कायद्याचं आधी उरकून घेऊ. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून घरी झाड लावायला परवानगी आहे, एका घरात जास्तीत जास्त 4, आणि हे माणशी नाही हं, घरटी, म्हणजे तीन रूममेट असले तरी 4च. ओंटारिओत वय 19 पूर्ण हवं. क्विबेकमध्ये मात्र घरी एकही झाड चालत नाही, तिथल्या बंदीवर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानेही शिक्कामोर्तब केलंय. तुमच्या बाबतीत आधी कॉन्डोचे नियम वाचा, भाड्याने राहत असाल तर लीज वाचा, त्यात मनाई असेल तर विषय तिथेच संपला. बी लायसन्सवाल्या दुकानातूनच घ्या. भारतातून येताना बॅगेत बी आणायचा विचारसुद्धा करू नका, आणि अमेरिकेत फिरायला जाताना पान, फूल, बी काही म्हणजे काही सोबत नको, ज्या राज्यात चाललाय तिथे ते कायदेशीर असलं तरी बॉर्डर ओलांडून नेणं हा गुन्हाच आहे.

आता लाइट. खोक्यावर ‘1000 वॅट’ छापलेलं असतं त्याकडे बघू नका, तो दिवा भिंतीतल्या प्लगमधून खरे किती वॅट ओढतो ते बघा. दोन फूट बाय दोन फूट टेंट आणि एक झाड, याला खरे 100 वॅट भरपूर झाले. रोप लहान असताना दिवा दीड-दोन फूट वर ठेवा, मग पानं बघून खाली-वर करा. पानांच्या कडा वर वळायला लागल्या किंवा शेंडा फिकट पांढुरका दिसायला लागला की दिवा जवळ आलाय, आणि रोप काडीसारखं लांबच लांब वाढतंय म्हणजे दिवा फार लांब आहे.

पण सगळे लोक दिव्यावरच बोलतात आणि झाडाचं खरं काम अंधारावर चालतं, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. तुमच्या भावाचं ड्रॅगन फ्रूट मोठ्या दिवसात फुलतं, त्यामुळे थंडीत बल्ब लावून तो रात्र तोडतो. कॅनाबिसचं बरोबर उलटं, त्याला फुलायला लांब आणि सलग रात्र लागते. आधी 18 तास उजेड 6 तास अंधार, यात ते नुसतं वाढत राहतं, मग 12-12 केलं की एक-दोन आठवड्यात पानांच्या बेचक्यात दोन पांढरे केसांसारखे तंतू दिसतात, ती मादी झाडाची खूण. 12-12 केल्यावर झाड उंचीला दुप्पटही होतं, कधी त्याहून जास्त, म्हणून पाच फुटी टेंटमध्ये एक-दीड फुटाचं असतानाच वेळ बदला, नंतर हाल होतात.

या 12 तासांच्या रात्रीत उजेड शिरता कामा नये. भर दुपारी टेंटमध्ये स्वतः बसा, घरच्यांना बाहेरून चेन लावायला सांगा, पाचेक मिनिटांत डोळे अंधाराला सरावले की शिवणीतून, पंख्याच्या तोंडातून कुठून कुठून उजेड येतो ते सगळं दिसतं. तिथे काळी टेप. पॉवर स्ट्रिपवरचा लाल ठिपका, टायमरचा हिरवा दिवा, त्यांच्यावरही टेप. कारण रात्र वारंवार तुटली की मादी झाडाला नर फुलं येऊ शकतात, पिवळी, बारक्या केळ्यांसारखी, मग ते स्वतःच्याच परागाने बी धरतं आणि सगळी मेहनत बियांत जाते. दहा झाडं असणाऱ्याला एक गेलं तरी चालतं, तुमच्याकडे एकच आहे. म्हणून बी फेमिनाइज्ड (जवळजवळ फक्त मादी झाडच देणारं) घ्या, टायमर चांगला घ्या, खर्च इथे करा. (ऑटोफ्लॉवर जातीला हे रात्रीचं बंधन नसतं, पण ती लवकर उरकते आणि लहानपणी बसलेला धक्का भरून काढायला तिला वेळच मिळत नाही.)

विजेचं म्हणाल तर 100 वॅट रोज 18 तास म्हणजे महिन्याला 54 युनिट, फुलावर आल्यावर 36. ओंटारिओत टाइम-ऑफ-यूज प्लॅनमध्ये संध्याकाळी 7 ते सकाळी 7 स्वस्त दर असतो, बरोबर 12 तास, फुलावरच्या झाडाचा दिवस तेव्हाच ठेवा. वासासाठी कार्बन फिल्टर आणि पंखा फुलं धरायच्या आधीच बसवा, शेजारी तक्रार करेपर्यंत थांबू नका. आणि घरात पोरं किंवा मांजर-कुत्रं असेल तर टेंटला कुलूप, यात तडजोड नाही.

प्रश्न: कॅलगरीहून लिहितोय. माझ्या एकुलत्या एका झाडाची पानं पिवळी पडतायत, खत दिलं, अजून दिलं, तरी तेच. काय करू?

उत्तर: आधी खत थांबवा. मग कुठली पानं पिवळी होतायत ते बघा. खालची जुनी पानं आधी पिवळी होत असतील तर नायट्रोजन कमी पडतोय, आणि झाड फुलाच्या शेवटच्या टप्प्यात असेल तर तेही नाही, तसं होतंच. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार असं असेल तर लोह मिळत नाहीये, मातीत असूनही मिळत नाहीये, कारण कॅलगरीचं पाणी जड, मातीचा पीएच वर चढतो आणि मुळं लोह उचलू शकत नाहीत. पाण्याचा पीएच सहा ते साडेसहाच्या दरम्यान आणून द्या. आणि सगळीच पानं मलूल, लोंबलेली, माती ओली असेल तर पाणी जास्त होतंय. कुंडी कोरडी असताना एकदा उचलून बघा, पाणी दिल्यावर उचला, हाताला फरक कळला की पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही.

प्रश्न: पुण्यात फ्लॅटमध्ये फक्त शोभेसाठी एक झाड लावलं, ओढायचं नाही विकायचं नाही, तर चालेल ना? भांग तर मिळतेच की.

उत्तर: नाही चालणार. 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजाच्या व्याख्येत नुसती पानं येत नाहीत, भांगेचा मुद्दा तिथून येतो, पण झाड लावणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्यात एक की शंभर, शोभेचं की विक्रीचं असा फरक नाही. कलम 20 मध्ये लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. उत्तराखंडात हेम्पच्या (नशा जवळजवळ नसलेल्या कॅनाबिसच्या) शेतीला परवाने दिलेत, पण ते सरकारच्या परवानगीने, धाग्यासाठी वगैरे, फ्लॅटमधल्या कुंडीसाठी नाही.

तुम्हाला दिव्याखाली झाड फुलवायचीच हौस असेल तर शेवंती लावा, तिलाही लांब रात्रच लागते. रोज संध्याकाळी 6 ते सकाळी 8 कुंडीवर मोठं खोकं पालथं घाला, दिवसा दिवा लावा, महिनाभरात कळ्या दिसायला लागतील.