मोबाईल-व्हॉट्सॲपमुळे माणसं जवळ आली की दूर गेली?

माझं मत विचाराल तर माणसं जवळपास राहणारी असली तर मोबाईल त्यांना आणखी जवळ आणतो, नसली तर काही होत नाही, नुसते गुड मॉर्निंगचे फुलं येत राहतात.

नव्वदच्या दशकात कॅनडातल्या टोरंटोजवळच्या एका नव्या वस्तीत कीथ हॅम्प्टन आणि बॅरी वेलमन या दोन समाजशास्त्रज्ञांनी अभ्यास केला होता, तिथं काही घरांना फास्ट इंटरनेट अन् शेजाऱ्यांचा ईमेल ग्रुप मिळाला, काहींना नाही. वाटलं असतं की नेटवाले घरात बसतील, पण झालं उलटंच, नेटवाले जवळपास तिप्पट शेजाऱ्यांना नावानं ओळखत होते आणि बिल्डरच्या विरोधात एकत्र पण तेच आले.

आता आपल्या नागपूरचं बघा ना भाऊ. सगळे म्हणतात मोबाईलनं ओटे रिकामे केले. अरे बाप्पा, ओटे तर कूलर अन् टीव्हीनं कधीचेच रिकामे केले होते! मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत लोकं गच्चीवर झोपायचे, गप्पा व्हायच्या, कूलर आला अन् सगळे खोलीत गेले, तेव्हा मोबाईल कुठं होता?

हां, एक नुकसान मात्र खरं आहे, फॉरवर्डचं. अफवा इतक्या पसरल्या की २०१८ मध्ये व्हॉट्सॲपला भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटवर फॉरवर्ड करायची मर्यादा घालावी लागली.

बाकी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर परवा रात्री रक्त पाहिजे म्हणून मेसेज पडला, वीस मिनिटात चार जण दवाखान्यात हजर, त्यातल्या दोघांशी माझं आधी कधी बोलणंही नव्हतं.