माझ्या व्हेल्ड जातीच्या शॅमेलिऑनसाठी (रंग बदलणारा सरडा) सलाईनच्या नळीने पाण्याचे थेंब सोडतो, नळी मनी प्लांटच्या वर बांधली आहे, पण पिंजऱ्यात तळं साचतं आणि मनी प्लांट कुजतोय. थेंब बंद करू का? (सोलापूर)

बंद करू नका. शॅमेलिऑनला वाटीतलं साचलेलं पाणी सहसा ओळखूच येत नाही. पानावरून ओघळणारा थेंब चमकला की मगच तो जीभ लावतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यात हवा कोरडी ठणठणीत. पाणी कमी पडलं तर त्याचे डोळे खोल जातात, विष्ठेतला पांढरा भाग पिवळा-नारिंगी पडतो. तुमचं अडलंय ते निचऱ्यापाशी.

आधी हिशोब करा. साध्या सलाईन सेटमधून बहुधा २० थेंबांना १ मिलि पाणी पडतं, पाकिटावर छापलेलं असतं. सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला १८० मिलि. दोन सेकंदांना एक थेंब ठेवलात तर सकाळचा एक तास आणि दुपारचा अर्धा तास मिळून १३५ मिलि होतं, एवढ्याला साधा ट्रे पुरतो. बाटलीत मोजूनच पाणी भरा, म्हणजे नळीवरचं चाक बंद करायचं राहिलं तरी घरात पाणी होणार नाही.

आता थेंब पडतो कुठे ते बघा. तुम्ही लिहिलंय की नळी मनी प्लांटच्या वर बांधली आहे. म्हणजे सगळं पाणी त्याच कुंडीत मुरतंय, मुळं कुजणारच. नळीचं टोक जास्वंदीच्या वरच्या रुंद पानावर आणा. थेंब पानाच्या शिरेवरून टोकाशी येतो, क्षणभर लोंबकळतो, मग खालच्या पानावर पडतो. शेवटचं पान जिथे गळतं तिथे खाली कुंडी नको, मोकळा तळ हवा. व्हेल्ड शॅमेलिऑन जास्वंदीची पानं कुरतडतो, त्याची काळजी नको. कण्हेर मात्र विषारी, ती आत ठेवू नका.

तळाला पीव्हीसी शीट टाका, पुढच्या कडेला किडे निसटणार नाहीत अशी बारीक भोकं पाडा. पिंजरा विटांवर उचला आणि मागच्या विटांखाली शहाबादी फरशीचा तुकडा सरकवा, तेवढा उतार पुरतो. भोकांखाली ट्रे. तळावर माती, कोकोपीट, खडी काही अंथरू नका. ओल धरते आणि किड्याबरोबर पोटात गेली तर आतडं अडतं. कुंडीतल्या मातीवर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे ठेवा.

ट्रे रोज रिकामा करा, अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. ते पाणी बाहेरच्या झाडांना घाला. बाटलीत परत नको, स्वयंपाकघराच्या सिंकमध्येही नको, कारण विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आपण साठवणीचं वापरतो, तेव्हा बाटली रोज धुवा आणि नळीला आतून बुळबुळीत लागलं की सेट बदला. बोअरच्या पाण्याने पानांवर पांढरे डाग धरतात, ओल्या फडक्याने पुसा.

हे व्हेल्ड शॅमेलिऑनपुरतं सांगतोय. माळावर दिसणारा देशी शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, तो कुणी आणून दिला तरी घेऊ नका.

दोन वेळच्या पाण्यामध्ये पानं पूर्ण वाळली पाहिजेत. सतत ओलं राहिलं तर बुरशी धरते, त्याच्या श्वासाला आणि पायांना संसर्ग होतो. आणि दिव्याची वायर प्लगकडे जाताना खाली झोल देऊन न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी झोलावरच गळून पडेल, प्लगपर्यंत जाणार नाही.