घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत पोटगी मिळत नाही का?

ताई, चार वर्षांच्या मुलीला घेऊन तुम्ही माहेरी आलात, नवऱ्याने पुण्यात घटस्फोटाची केस टाकली आणि आता निकालापर्यंत एक पैसाही देणार नाही म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. अजिबात थांबू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात त्याच केसमध्ये अंतरिम पोटगी आणि कोर्टखर्चासाठी अर्ज करता येतो.

‘नोकरी सुटली’ एवढं म्हणून तो सुटत नाही. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून एकेक महिना मोलाचा. माझ्या बहिणीने बालवाडीच्या फीच्या पावत्या, औषधांची बिलं, अगदी दूधवाल्याची वहीसुद्धा फाइलला लावली होती. वकिलांनी पहिल्यांदा तीच उघडली.

मुलीची काळजी वाटणं साहजिक आहे, पण पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडेच ठेवतात. वडिलांची भेट मात्र अडवू नका, तिच्यासाठीच सांगतेय.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.