मराठी माध्यमाच्या वर्गात जागतिक नागरिकत्व कसे शिकवावे?

आपला प्रश्न असा आहे : सोलापुरातील आपल्या शाळेत आठवी-नववीसाठी संस्थेने ‘आंतरराष्ट्रीय दिन’ साजरा करण्यास सांगितले आहे, देशोदेशीचे झेंडे व पोशाख यांची जमवाजमव चालू आहे आणि परदेशातील एका शाळेशी व्हिडिओ कॉलही ठरतो आहे, परंतु वर्गातील बहुतेक मुलांनी जिल्ह्याची हद्दही ओलांडलेली नाही व इंग्रजीत बोलायची वेळ आली की ती गप्प होतात, तेव्हा या सगळ्यातून त्यांच्या हाती काय लागेल? मी याच शहरात ३१ वर्षे इतिहास व भूगोल शिकवला. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, शेजारच्या बाकावरील मुलाची भाषा, नाव आणि घर यांना जो वर्ग बरोबरीचा मान देत नाही, त्या वर्गाला दूरदेशीचा मुलगाही पोशाखापलीकडे दिसत नाही. म्हणून तयारीचा पहिला महिना मी वर्गातच घालवीन.

हे मत मी एका चुकीतून शिकलो. मी नोकरीला होतो त्या शाळेत दरवर्षी संमेलनात ‘विविधतेतील एकता’ असा प्रवेश होत असे आणि तो बसवण्याचे काम माझ्याकडे असे. सलग दोन वर्षे मी एका उर्दूभाषक मुलाला टोपी व शेरवानी दिली होती. तिसऱ्या वर्षी तो तालमीनंतर थांबला आणि म्हणाला, “सर, या वेळी मी शेतकरी होऊ का? आमचं शेत आहे.” त्याच्या घरची जमीन मोहोळकडे होती, त्यात ज्वारी होत असे, आणि मला तीन वर्षांत याचा पत्ता नव्हता. त्याला मी त्याच्या समाजाचा नमुना म्हणून उभे केले होते. तो मुलगा म्हणून मला ठाऊकच नव्हता. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जेम्स बँक्स यांनी बहुसांस्कृतिक अभ्यासक्रमाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. थोर व्यक्ती, सण आणि पोशाख यांची ओळख ही त्यांतील सर्वांत खालची. दुसऱ्या पायरीवर मूळ आराखडा न बदलता अभ्यासक्रमात नवा मजकूर जोडला जातो. तिसऱ्या पायरीवर तोच विषय निरनिराळ्या समाजांच्या नजरेतून पुन्हा पाहिला जातो. आणि चौथीवर मुले त्यातून काही ठरवतात व करतात. आपल्या शाळांतील बहुतेक कार्यक्रम पहिल्या पायरीवरच संपतात, माझाही तसाच संपत होता.

सोलापूरच्या शिक्षकाला तिसऱ्या पायरीवर जाणे इतरांपेक्षा सोपे आहे. पूर्व भागातील विणकर कुटुंबांत तेलुगू बोलली जाते, अनेक घरांत कन्नड, अनेकांत उर्दू. शिवाय मारवाडी, गुजराती, लमाणी, कैकाडी. मराठीखेरीज तेलुगू, कन्नड व उर्दू माध्यमाच्या शाळा याच शहरात आहेत. तरीही मराठी माध्यमाच्या वर्गात हात वर करून घरची भाषा विचारली, तर कित्येक मुले ‘मराठी’ असे खोटे सांगतात, कारण दुसरी भाषा सांगितली की हसू होते, हे त्यांना पहिलीपासून माहीत असते. त्यामुळे हात वर करायला लावू नये. प्रत्येकाने घरी जाऊन तीन ओळी लिहून आणाव्यात : आजीशी कोणत्या भाषेत बोलतो, रागावल्यावर कोणत्या भाषेत बोलतो, मनातल्या मनात आकडे कोणत्या भाषेत मोजतो. नावे न वाचता एकूण संख्या फळ्यावर मांडली की वर्गच चकित होतो. त्यानंतर हजेरीतील नावे नीट उच्चारण्याची सवय लावावी. तेलुगू रीतीत घराण्याचे नाव आधी येते व व्यक्तीचे नंतर. आपण ते उलटवतो, तोडतो आणि वर्षभर चुकीचेच हाकारतो. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण ज्याचे नाव रोज चुकते त्याला आपण या वर्गातले पूर्ण सभासद आहोत असे वाटत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पुढचा धडा शब्दांचा घ्यावा. अक्का, अण्णा, अप्पा हे शब्द आपल्या घरांत आणि कन्नड-तेलुगू घरांत सारखेच आहेत. कायदा, वकील, तारीख, हजर हे शब्द अरबी-फारसीतून आले. पगार, चावी, पाव, बटाटा हे पोर्तुगीजांकडून. ग्रामदैवत सिद्धेश्वर म्हणजे १२ व्या शतकातील शिवशरण (शिवभक्त संत) सिद्धराम, आणि त्यांची वचने, म्हणजे छोट्या भक्तिपर रचना, कन्नडमध्ये आहेत. मकरसंक्रांतीच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांमागे चालणाऱ्या मराठी मुलांपैकी किती जणांना हे कोणी सांगितले आहे? एखाद्या विद्यार्थ्याच्या आजोबांना बोलावून एक वचन कन्नडमध्ये वाचून घ्यावे व त्याचा अर्थ त्यांच्याच तोंडून ऐकावा. ज्या मुलाला घरची भाषा लपवावीशी वाटत होती, त्याचे आजोबा त्या तासाला शिक्षक असतात, आणि एका तासात वर्गातील त्याची जागा बदलते.

आता परदेशाकडे. माझा सर्वांत आवडता धडा आहे आपल्या डब्यातील कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा, आणि त्यावर मी दोन-तीन तास आनंदाने खर्च करीत असे. मुलांना वाटते, यापेक्षा अस्सल सोलापुरी काय असेल? पण ज्वारीचे मूळ घर ईशान्य आफ्रिका आहे. हजारो वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि पुढे मालदांडीसारखे वाण आपल्या काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीत रब्बीला रुजले. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. मिरचीही अमेरिका खंडातली, १४९२ नंतर युरोपीय दर्यावर्दी तिकडे पोहोचल्यावरच ती समुद्रमार्गे आपल्याकडे आली. लसूण मध्य आशियाकडचा. म्हणजे १४९२ पूर्वीच्या आपल्याकडील एखाद्या स्वयंपाकघरात लाल तिखट घातलेली शेंगाचटणी असणे शक्यच नव्हते, हे कळल्यावर मुले पुढचे प्रश्न आपणच विचारू लागतात : मग तिखट कशाने करत? कोणी आणली? ज्यांच्याकडून आणली त्यांचे पुढे काय झाले? या शेवटच्या प्रश्नापाशी थांबावे. अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा संहार आणि आफ्रिकेतून नेलेले गुलाम यांचा इतिहास याच ताटातून सुरू होतो, आणि आठवीचा मुलगा तो समजू शकतो. देवाणघेवाण गोड असते एवढेच शिकवले तर अर्धेच शिकवल्यासारखे होईल.

टॉवेल आणि चादर यांचाही असाच उपयोग होतो. वर्गातील काहींच्या घरी यंत्रमागाचे काम असेल, काहींच्या आया विड्या वळत असतील. सोलापुरी टॉवेल परदेशी जातो, हे मुलांनी ऐकलेले असते; सूत कोठून येते, रंगाचे पाणी कोठे जाते, विणणाऱ्याला मजुरी किती मिळते आणि दुकानातील किंमत किती असते, हे त्यांनी घरी विचारून आणावे. मात्र कोणाच्याही घरची मिळकत वर्गात जाहीर होणार नाही, याची काळजी शिक्षकाने घेतलीच पाहिजे.

मुलांना एकत्र बसवले की पूर्वग्रह आपोआप जातात, हा समज मात्र सोडून द्यावा. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडले की, दोन गटांच्या संपर्काचा चांगला परिणाम होण्यासाठी दोघांचा दर्जा त्या प्रसंगी समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठण्यासाठी परस्परांची मदत लागली पाहिजे आणि वरिष्ठांचा त्याला स्पष्ट पाठिंबा हवा. १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे गोऱ्या, कृष्णवर्णीय व मेक्सिकन वंशाच्या मुलांचे वर्ग नव्याने एकत्र झाले तेव्हा एलियट ॲरन्सन यांनी याला धरूनच एक रीत बसवली : धड्याचे तुकडे करावेत, गटातील प्रत्येकाकडे एकच तुकडा असावा, आणि सगळे एकमेकांना शिकवतील तेव्हाच धडा पूर्ण व्हावा. मी ही रीत १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉच्या (लष्करी कायद्याच्या) धड्यावर वापरली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार जणांच्या गटात प्रत्येकाने एका हुतात्म्याविषयी वाचून इतरांना सांगायचे. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाकडचा तुकडा दुसऱ्या कोणाकडेच नसल्यामुळे गटाला त्याचे ऐकावेच लागते.

हीच कसोटी आपल्या व्हिडिओ कॉलला लावा. आपल्या मुलांनी लेझीम दाखवायची, त्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि शेवटी इंग्रजीत धन्यवाद म्हणायचे, यात दर्जा समान नाही व उद्दिष्टही एक नाही. त्याऐवजी दोन्ही वर्गांना एकच काम द्यावे. उदाहरणार्थ, एका आठवड्यात घरात किती पाणी लागले, ते कोठून आले व कोणी भरले, याची नोंद. नळाला दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा पाणी येते तेव्हा कसे पुरवायचे, यात आपली मुले जाणकार आहेत, आणि जाणकार माणूस मोडक्या इंग्रजीतही बोलतो. आकडे, तक्ते आणि छायाचित्रे यांना व्याकरण फारसे लागत नाही. उरलेले मराठीत बोलावे व एका विद्यार्थ्याने भाषांतर करावे. दुभाषा होणे हे तर बहुभाषक मुलांचे रोजचे काम आहे. वेळेचा हिशेबही आधी करावा : जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे, ब्रिटन हिवाळ्यात साडेपाच तास मागे. वेळ जुळत नसेल तर ध्वनिमुद्रित पत्रे पाठवावीत, ती अनेकदा कॉलपेक्षा चांगली उतरतात. साधनांची अडचण सांगितली जाईल, तेव्हा माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे उदाहरण द्यावे. तेथील तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, आणि त्यांनी बक्षिसाची अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

एखादे पालक विचारतील की, यामुळे मुलांचे देशप्रेम पातळ होणार नाही ना. त्यांच्यासाठी डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चरित्र पुरेसे आहे. १९१० मध्ये याच शहरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून युद्धग्रस्त चीनला गेला, तेथे चिनी भाषा शिकला, कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचा प्रमुख झाला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तेथेच मरण पावला. स्वातंत्र्यलढ्याच्या ऐन काळात आपल्याच देशाच्या वतीने तो दुसऱ्या देशातील जखमींसाठी गेला होता. सोलापुरातील त्याच्या स्मारकाला वर्गाची भेट ठेवावी, आणि जाण्यापूर्वी मुलांना एकच प्रश्न द्यावा : परक्या भाषेत रुग्णाला ‘कोठे दुखते’ हे विचारायला तो कसा शिकला असेल?

या बदलासाठी संस्थेला अर्ज व त्याला आधार म्हणून कागद लागेल. युनेस्कोची १९७४ ची आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठीच्या शिक्षणाची शिफारस २०२३ मध्ये नव्याने स्वीकारली गेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील ४.७ मध्ये जागतिक नागरिकत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तो आहे, आणि त्याच धोरणात मातृभाषेवर भर आहे. अर्जात एवढे पुरे.

आणि तो ‘आंतरराष्ट्रीय दिन’ रद्द करू नका, कारण मुलांनी तयारी केलेली असते. झेंड्यांच्या जागी भिंतभर जगाचा नकाशा लावा, टेबलावर भाकरी, चटणी, टॉवेल आणि शब्दांच्या चिठ्ठ्या ठेवा, व प्रत्येक वस्तूपासून तिच्या मूळ ठिकाणापर्यंत सुताचा एक धागा ओढा. सूत यंत्रमागवाल्या घरातून मिळेल. पाहुण्यांना माहिती मुलांनी आपल्या घरच्या भाषेत सांगावी, आणि शेजारी उभ्या असलेल्या मित्राने ती मराठीत करावी.