व्हेरिकोज व्हेन्समध्ये शीर बंद केल्यावर रक्त जाते कुठून?

आपल्या आईच्या पायांच्या शिरा फुगल्या असून डॉक्टरांनी लेझरने शीर बंद करण्यास सुचवले आहे. मग त्या शिरेतले रक्त जाणार कुठून आणि पायावर दाब देणाऱ्या नुसत्या मोज्यांवर भागणार नाही का, असे आपण विचारले आहे. हाच प्रश्न आमच्या थोरल्या काकांनी २०१७ साली घरात उपस्थित केला आणि त्यापायी माझ्या वडिलांचे चौदा महिने वाया गेले, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

वडील एसटीत वाहक होते. निवृत्तीच्या सुमारास त्यांच्या डाव्या पोटरीवर बोटाएवढ्या जाड, वेड्यावाकड्या शिरा उठल्या होत्या. संध्याकाळी पाय जड होई आणि रात्री गोळे येत. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळसर तपकिरी व चिवट झाली, तिथे खाज सुटली आणि खाजवता खाजवता रुपयाएवढी जखम झाली, ती काही केल्या भरेना. दुखणे कातडीचे नसून शिरेचे आहे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. काका म्हणाले, ‘पाट बुजवला तर पाणी जाणार कुठून?’ काकांच्या शब्दापुढे वडील कधी गेले नाहीत. मग तेलाचे मालीश झाले, झाडपाल्याचे लेप झाले, जळवाही लावून झाल्या. रोज सकाळी पट्टी सोडताना तिला चिकटलेली खपली निघे आणि खालून पिवळसर पाणी झिरपे. ती पट्टी मीच बदलत असे.

अखेर २०१८ मध्ये मी त्यांना मिरजेला नेऊन डॉप्लर तपासणी, म्हणजे रक्त कोणत्या दिशेने वाहते हे दाखवणारी सोनोग्राफी, करून घेतली. वडिलांना स्टुलावर उभे करून डॉक्टरांनी पोटरी दाबली, तेव्हा पडद्यावर शीर निळी दिसली, म्हणजे रक्त वर चढले. हात सोडताच तीच शीर तांबडी झाली आणि तीन सेकंद तांबडीच राहिली. अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ रक्त असे उलटे फिरले, तर रक्ताला खाली परतू न देणाऱ्या शिरेतल्या झडपा निकामी झाल्या असे मानतात. वडिलांच्या जांघेतली झडपच मिटत नव्हती.

पायातले सुमारे नऊ दशांश रक्त स्नायूंमधल्या खोल शिरांतून वर जाते. कातडीखालची बिघडलेली शीर रक्त वर नेण्याऐवजी पुन्हा खाली सोडते, म्हणून ती बंद केल्याने वाट अडत नाही, उलट खालचा दाब उतरतो. काकांना हे कळायला हवे होते, कारण आमच्या वाळवा-शिरोळ पट्ट्यात पाणी साचून क्षारपड झालेल्या जमिनी त्यांनी जन्मभर पाहिल्या आहेत. घोट्यावरची कातडी नेमकी तशीच नासते.

वडिलांची शीर रेडिओफ्रिक्वेन्सीने बंद केली: गुडघ्याजवळून बारीक नळी आत घालून, शिरेभोवती बधिर करणारे द्रावण भरून, १२० अंश सेल्सिअसच्या उष्णतेने दर वेळी सात सेंटिमीटर भाग वीस सेकंद तापवत. लेझरचे तत्त्वही हेच. वडील त्याच दिवशी चालत घरी आले आणि जखम नऊ आठवड्यांत भरली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, ४५० रुग्णांवरील ब्रिटिश चाचणीत, शीर लवकर बंद केलेल्या गटातील निम्म्या रुग्णांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या होत्या. आधी दाबपट्ट्या बांधून शिरेवरचा उपचार लांबवलेल्या गटात त्याला ८२ दिवस लागले.

मोज्यांविषयी माझे मत ठाम आहे: मोजे सूज आवरतात, झडप दुरुस्त करत नाहीत. पावलाची नाडी क्षीण असेल तर ते घातकही ठरू शकतात, तेव्हा ती आधी तपासून घ्यावी. शिवाय खोल शिरेत जुनी गुठळी असेल, तर वरची शीर हाच रक्ताचा पर्यायी मार्ग असू शकतो, आणि तेवढ्यापुरता काकांचा प्रश्न रास्त होता. म्हणून आईच्या डॉप्लर अहवालात खोल शिरा मोकळ्या असल्याचे लिहिले आहे ना, हे आधी पाहावे. काही वर्षांनी दुसऱ्या शिरा फुगू शकतात, हेही मान्य करतो. फुगलेल्या शिरेतून कधी रक्त वाहू लागलेच, तर आईला आडवे करून पाय उंच धरावा आणि जागा दाबून ठेवावी.

काकांच्या उजव्या घोट्यावर आता तोच काळसर डाग आला आहे. प्रत्येक सणाला मी त्यांना तपासणीला चला म्हणतो; ते अजून आलेले नाहीत.