जुन्या एचपीएलसीच्या पीसीचा बॅकअप: सुरुवातीला एवढंच कर

भाऊ, वाळूजच्या लॅबमधी नवीनच लागलास आणि बॅकअपसाठी एकदम महागडा नॅस (नेटवर्कवर जोडायचा डिस्कचा डबा) घ्यायचा विचार करायलास, जरा थांब. आधी एचपीएलसी, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, त्याच्या पीसीवर कोणतं विंडोज आहे ते बघ. 32 बिट एक्सपी असलं तर 2 टीबीच्या वरची डिस्क घेऊच नको, त्याला जीपीटी (मोठ्या डिस्कसाठीची नवी मांडणी) डिस्क वाचता येत नाही. 500 जीबी किंवा 1 टीबीची साधी यूएसबी हार्डडिस्क बास झाली, फक्त एनटीएफएसमधी (डिस्कवर फाईली ठेवायची विंडोजची पद्धत) फॉरमॅट कर, जुन्या एफएटी32 पद्धतीवर 4 जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही.

आता खरं महत्त्वाचं. नुसतं डेटाचं फोल्डर कॉपी केलं म्हणजे बॅकअप झाला असं नसतं, नवीन पोरं हमखास इथंच चुकतात. पीसीची डिस्क उडाली की सॉफ्टवेअर, लायसन, ड्रायव्हर सगळंच जातं, मूळ सीडी कपाटात सापडत नाही आणि कंपनीनं ते व्हर्जन कधीच बंद केलेलं असतं. म्हणून पीसी धड चालू आहे तवरच पूर्ण डिस्कचा क्लोन (जशीच्या तशी नक्कल) काढ, आणि तो क्लोन लावून मशीन खरंच सुरू होतं का ते एकदा बघच. फार्मा लॅब असली तर हात लावायच्या आधी क्यूएला (गुणवत्ता बघणाऱ्या विभागाला) विचार.

बाकी थोडक्यात:
- दोन डिस्क ठेव, एक दुसऱ्या इमारतीत.
- काम झालं की डिस्क काढून ठेव, व्हायरस आला किंवा वळवाच्या पावसात लाईट वरखाली झाली तर पीसीसोबत तीही जाईल.
- पेनड्राइव्ह फक्त ने-आण करायला.
- बॅकअपसाठी म्हणून एक्सपीला इंटरनेट जोडू नको, त्याचा सपोर्ट 2014 लाच संपलाय.

रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणं), क्लाउड, टेप असले बाकीचे प्रकार नंतर बघू. कोणतं विंडोज आहे तेवढं सांग, मग डिस्क ठरवू.